आगकाडीवरचा नारू

शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा घ्या. ऐंशी सेंटिमीटर मोजा आणि कापा. आता एक जळकी आगकाडी घ्या, दोऱ्याचं एक टोक तिच्यावर धरा आणि गुंडाळायला लागा. थांबा, थांबा! एक अट आहे. रोज फक्त तीन सेंटिमीटर गुंडाळायचं. तेवढं झालं की काडी जपून ठेवायची. उद्या पुन्हा तीन सेंटिमीटर.

किती दिवस लागतील? ऐंशी भागिले तीन. जवळजवळ सत्तावीस दिवस!

आता अशी कल्पना करा, की त्या दोऱ्याचं दुसरं टोक तुमच्या पायात आहे. आणि तो दोरा जिवंत आहे.

ईऽऽ! केलंत ना? मीसुद्धा केलं होतं. मी तेव्हा तिसरीत होते. आजीच्या घोट्याशेजारी एक वण होता, चिंचोक्याएवढा, चकचकीत. "आजी, हे काय गं?" असं विचारलं तर ती सहज म्हणाली, "नारू निघाला होता तिथनं." आणि मग तिने मला आगकाडीची गोष्ट सांगितली. रोज थोडं थोडं गुंडाळायचं. ओढायचं नाही, घाई करायची नाही. तुटला तर आत राहिलेला तुकडा पायाचं वाटोळं करतो. पाय सुजतो, चिघळतो, कधी कधी सांधा कायमचा आखडतो. आजी महिनाभर अंथरुणावर होती. ऐन पेरणीचे दिवस होते.

नारू म्हणजे एक जंत. मादी साठ ते शंभर सेंटिमीटर लांब आणि शिजलेल्या शेवयीएवढी जाड. नर मात्र अगदी तोकडा, जेमतेम बोटाच्या एक-दोन पेरांएवढा. शास्त्रीय नाव ड्रॅकनक्युलस मेडिनेन्सिस, म्हणजे 'मदिनेचा छोटा ड्रॅगन'. इंग्रजीत त्याला 'गिनी वर्म' म्हणतात. आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याला 'स्नायुक' म्हटलंय. इजिप्तमधल्या एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या ममीत शास्त्रज्ञांना दगडासारखा कडक झालेला नारू सापडला. तिथल्याच साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकाच्या लेखात काडीवर गुंडाळून काढायचा उपाय आहे, असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे आजीच्या आगकाडीला केवढी मोठी परंपरा बघा!

पण मला तुम्हाला आश्चर्याची गोष्ट सांगायची आहे ती वेगळीच. नारूवर लस नाही. आधीही नव्हती, आजही नाही. पोटात घ्यायचं औषध नाही. एकदा नारू झाला की परत होत नाही, असंही नाही. तरीही आज भारतात शोधून नारू सापडणार नाही. तुमच्यातल्या कित्येकांनी हा शब्द आत्ता पहिल्यांदाच वाचला असेल.

मग त्याला घालवलं कशानं? फडक्यानं! आणि लाखो माणसांनी आपली रोजची एक-दोन कामं थोडी वेगळी करायला सुरुवात केली, त्यानं.

माणसं आपली सवय बदलतात कधी, आणि बदलत नाहीत ती का? मला तर हे कोडं नारूपेक्षाही भारी वाटतं. पण आधी नारूचा प्रवास बघू, नाहीतर कोड्याची गंमत कळायची नाही.

तुमच्या गावात किंवा आसपास जुनी बारव आहे का? बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. राजस्थानात तिला बावडी म्हणतात. रहाट नाही, पोहरा नाही. पायऱ्या उतरत थेट पाण्यापर्यंत जायचं, घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहून घागर बुडवायची आणि वर यायचं. उन्हाळ्यात आत काय गारवा असतो!

या पाण्यात एक इवलासा प्राणी राहतो. नाव सायक्लॉप्स. एक-दोन मिलिमीटर लांबीचा, खसखशीच्या दाण्याएवढा. ग्रीक गोष्टींत कपाळावर एकच डोळा असलेला राक्षस आहे ना, त्याचंच नाव याला दिलंय, कारण यालाही डोक्यावर एकच डोळा असतो. तो बिचारा कुणाला काही करत नाही. झटके मारत पोहतो, बारीकसारीक खातो. आपण पाण्याबरोबर असे सायक्लॉप्स गिळले तर एरवी काहीसुद्धा होत नाही.

पण त्याने नारूची पिल्लं खाल्लेली असली तर?

ही पिल्लं सायक्लॉप्सच्या पोटात दोनेक आठवडे राहून तयार होतात. मग कुणीतरी ते पाणी पितं. आपल्या जठरातलं आम्ल सायक्लॉप्सला मारून विरघळवतं, पण नारूची पिल्लं मरत नाहीत. ती बाहेर पडतात, आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात आणि तिथेच वाढतात. नर-मादीची भेट होते, नर मरून जातो. मादी वाढत राहते आणि हळूहळू सरकत बहुतेक वेळा पायाकडे येते. या सगळ्याला किती काळ लागतो? जवळजवळ एक वर्ष! आणि त्या वर्षभरात माणसाला काहीही कळत नाही. ताप नाही, दुखणं नाही.

मग एक दिवस पायावर फोड येतो. आग आग होते, निखारा ठेवल्यासारखी. अशा वेळी माणूस काय करील? पाय गार पाण्यात बुडवेल. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. नारू नेमकी त्याचीच वाट बघत असतो. पाणी लागलं की फोड फुटतो, मादीचं टोक बाहेर येतं आणि ती लाखो पिल्लं पाण्यात सोडते. त्या जागी पाणी क्षणभर दुधट दिसतं. पिल्लांना सायक्लॉप्स खातात, आणि गाडी पुन्हा सुरू.

म्हणजे बघा, ज्याने आराम पडतो त्यानेच रोग पसरतो. इतका चलाख प्राणी मी दुसरा पाहिला नाही.

हे सगळं उलगडलं कुणी? १८७० साली मध्य आशियात फिरणारा अलेक्सेई फेदचेंको नावाचा रशियन निसर्गअभ्यासक सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसला होता. नारूची पिल्लं सायक्लॉप्सच्या पोटात शिरतात, हे त्याने पाहिलं. पुढे तीनच वर्षांत, तिशीही ओलांडायच्या आत, तो आल्प्सच्या बर्फात गिर्यारोहण करताना वारला. त्याचं उरलेलं काम रॉबर्ट लायपर या शास्त्रज्ञाने १९०५ च्या सुमाराला पश्चिम आफ्रिकेत केलं. पिल्लं असलेले सायक्लॉप्स त्याने आपल्या जठरात असतं तशा सौम्य आम्लात टाकले. सायक्लॉप्स मेले, पण आतली पिल्लं उलट जोरात वळवळायला लागली! मग त्याने असे सायक्लॉप्स केळ्यात घालून एका माकडाला खाऊ घातले. सहा महिन्यांनी माकडाच्या शरीरात नारू सापडले.

म्हणजे १९०५ च्या आसपास सगळं कळलं होतं. रोग कसा होतो, कुठून येतो, कसा थांबवायचा, सगळं. उपाय तर दोन वाक्यांत मावतो: पिण्याचं पाणी फडक्यातून गाळून घ्या. नारू बाहेर येत असेल त्या माणसाने पिण्याच्या पाण्यात पाय घालू नये. बास! एक वर्षभर गावातल्या सगळ्यांनी हे केलं, की त्या गावातला नारू संपला.

आता हा आकडा बघा. १९८४ साली भारतात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण होते. बारा हजारांहून जास्त गावांत. सात राज्यांत, त्यात आपला महाराष्ट्रही होता.

१९०५ ते १९८४. एकोणऐंशी वर्षं! उपाय माहीत, फुकटातला उपाय, आणि तरीही?

मोठी माणसं अशा वेळी पटकन म्हणतात, "कळतं पण वळत नाही." मला ही म्हण इथे लावायला मुळीच आवडत नाही. कारण कुणाला कळलं होतं? फेदचेंकोला कळलं होतं, लायपरला कळलं होतं. बारवेवर घागर बुडवणाऱ्या बाईला कुणी काय दाखवलं होतं? चला, जरा तिच्या जागी उभे राहू या.

समजा, आज तुमच्या पायाला फोड आला. आई विचारते, "काय रे, काय झालं?" तुम्ही आठवता. काल क्रिकेट खेळताना काटा लागला होता का? परवा नवीन चप्पल घातली होती, ती चावली का? मागच्या वर्षी याच महिन्यात, कुठल्या दिवशी, कुठल्या माठातलं पाणी प्यायलात, हे तुमच्या मनात तरी येईल का? नाही येणार! आपलं डोकं कारण शोधतं ते कालच्या-परवाच्या दिवसांत. वर्षभरापूर्वीच्या एका घोटात नाही. नारूने ते एक वर्ष मधे ठेवलं आणि आपल्या पाऊलखुणा पुसून टाकल्या.

शिवाय त्याच बारवेचं पाणी घरातल्या पाचही जणांनी प्यायलं, आणि नारू झाला एकालाच. मग पाण्याचा दोष कसा म्हणायचा? पाणी तर नितळ, गोड. पिढ्यान्‌पिढ्या सगळे तेच पीत आलेले. त्यातच पाय बुडवल्यावर आग थांबते, म्हणजे पाणी तर औषधासारखं! गावाच्या बारवेत कोनाड्यात देव असतो, लग्नानंतर नवरानवरी तिथे पाया पडतात. त्या पाण्यात रोग आहे म्हणणं म्हणजे देवावर, पूर्वजांवर ठपका ठेवणं. म्हणून कुणी म्हणायचं नारू रक्तातच असतो, कुणी म्हणायचं कोप झाला, कुणी म्हणायचं नशीब. ही माणसं अडाणी होती म्हणून असं म्हणत नव्हती. त्यांच्या डोळ्यांना जे जे दिसत होतं, ते सगळं तसंच सांगत होतं.

आणि समजा पटलं, तरी? पाणी आणायचं काम बहुतेक घरांत बाईचं. दिवसातून चार खेपा. त्यात आणखी गाळत बसायचं. पायाला नारू असलेल्या मजुराला "महिनाभर पाण्यात उतरू नको" म्हटलं तर त्याचं पाणी कोण भरणार? आफ्रिकेतल्या माली देशात डोगोन नावाचे लोक राहतात. ते नारूला 'रिकाम्या कोठाराचा आजार' म्हणतात. तो नेमका शेतीच्या हंगामात निघतो, माणूस झोपून राहतो आणि कोठारात धान्यच येत नाही. म्हणजे त्यांना या रोगाची पुरती जाणीव होती, नुकसान तर ते दर वर्षी मोजत होते. नव्हता तो फक्त पाण्याशी असलेला धागा.

तर हा धागा दाखवायचा कसा? १९८३-८४ मध्ये भारत सरकारने नारू निर्मूलनाची मोहीम सुरू केली. मोठमोठे फलक लावून, "पाणी गाळून प्या" असं ओरडून काही झालं नसतं. मला त्या मोहिमेतली सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी छोटी आहे. एक काचेचा ग्लास.

कार्यकर्ते बारवेवर जायचे, तिथलंच पाणी काचेच्या ग्लासात किंवा बरणीत घ्यायचे आणि उन्हाकडे धरायचे. "बघा बरं." माणसं डोळे बारीक करून बघायची. आणि मग दिसायचं. नितळ पाण्यात बारीक बारीक ठिपके, झटके मारत इकडून तिकडे पळणारे! आपण हे पितो? मग तेच पाणी फडक्यातून दुसऱ्या ग्लासात गाळायचं. आता बघा. एकही ठिपका नाही. फडकं उलटं करून धुतलं की ठिपके परत पाण्यात.

कुणी कुणाला अडाणी म्हटलं नाही, कुणी भीती घातली नाही. डोळ्यांपासून जे इतकी वर्षं लपलं होतं, ते डोळ्यांनाच दाखवलं. हा एक ग्लास दहा भाषणांच्या तोडीचा होता, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट, सांगायला कोण आलं? पँट-शर्टातला परगावचा साहेब जीपमधून उतरून काही सांगून गेला, तर माणसं मान डोलावतात आणि जीपची धूळ खाली बसली की विसरून जातात. दक्षिण राजस्थानात उदयपूर, बांसवाडा, डुंगरपूर या भागांत 'स्वच्छ' नावाचा प्रकल्प झाला. तिथे गावातल्याच बायकांना तयार केलं गेलं. त्या घरोघरी जायच्या, आपल्याच बोलीत बोलायच्या. पाण्याच्या खेपा त्यांनीही घातलेल्या असायच्या, त्यामुळे "बाई, तुला काय कळतंय आमचं" असं म्हणायची सोयच नव्हती. त्यातल्या काही आदिवासी बायका तर हापसे दुरुस्त करायला शिकल्या. हातात पाना घेऊन हापसा खोलणारी बाई! तोवर हे काम बायकांचं नव्हेच, असं सगळे समजत होते. हापसा बिघडला की लोक पुन्हा बारवेकडे वळणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या तो बिघडलेला राहू देत नसत.

मोहीम नुसतं सांगून थांबलीही नाही. कितीतरी बारवांच्या पायऱ्या बंद केल्या, वर कठडा बांधला, पोहऱ्याने पाणी काढायची सोय केली. आता पाय पाण्यात जाणारच कसा? सवय बदलायची तर बदललेली गोष्ट जुन्या गोष्टीपेक्षा अवघड असून चालत नाही. गाळायच्या फडक्याचंच घ्या. साधं सुती कापड पटकन तुंबतं, थेंब थेंब पाणी पडतं, आणि घाईत असलेली बाई ते सोडून देते. म्हणून बारीक जाळीचं नायलॉनचं कापड आणलं गेलं. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं ते हंड्याच्या तोंडाला बांधायचं आणि घागर ओतायची. पाणी भराभर उतरतं. ही फडक्यातली सुधारणा लहान वाटेल, पण इथेच कितीतरी चांगले बेत अडकून पडतात.

आणि लपवालपवी? रोग झालेल्याला लाज वाटली, कुणी रागावेल असं वाटलं, तर तो पाय झाकून घरात बसणार आणि अंधार पडल्यावर पाण्यावर जाणार. म्हणून कार्यकर्ते वर्षातून तीनदा घरोघर चौकशी करत, आणि नारूचा रुग्ण कळवणाऱ्याला चक्क बक्षीस असे! आफ्रिकेत काही देशांत तर रुग्णाला एका केंद्रात ठेवून जेवण आणि मलमपट्टी मोफत द्यायचे, म्हणजे त्याला पाण्यावर जायची वेळच येऊ नये. ज्याला नारू झालाय तो गुन्हेगार नाही, उलट त्याने सांगितलं तर अख्खं गाव वाचतं. ही नजर बदलली, आणि रुग्ण स्वतःहून पुढे यायला लागले.

भारतातला शेवटचा नारू जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात निघाला. त्यानंतर एकही नाही. पुढची तीन-साडेतीन वर्षं शोधाशोध चालूच राहिली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

माझ्या आजीकडे तोवर नळ आला होता. तरी ती तोटीला फडकं बांधायचीच.

जगाची गोष्ट तर याहून मोठी. १९८६ साली आफ्रिका आणि आशियातल्या वीस-एकवीस देशांत मिळून वर्षाला अंदाजे ३५ लाख माणसांना नारू व्हायचा. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी हे काम मनावर घेतलं. १९९५ मध्ये सुदानात यादवी युद्ध चालू होतं. कार्टर यांनी दोन्ही बाजूंना विनंती केली, आणि जवळजवळ सहा महिने बंदुका थांबल्या! कशासाठी? आरोग्य कार्यकर्त्यांना गावागावात फडकी पोचवता यावीत म्हणून. युद्धबंदी अनेक कारणांनी होते, पण एका जंतासाठी झालेली ही युद्धबंदी मला विसरता येत नाही.

नायजेरियात १९८८-८९ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास रुग्ण मोजले गेले. तिथे देशाचे माजी प्रमुख जनरल याकुबू गोवन स्वतः खेडोपाडी फिरले, गावच्या मुखियांशी बोलले. तिथला शेवटचा रुग्ण २००८ मध्ये सापडला. घानात रेडक्रॉसच्या गटांतल्या आयांनी गल्लीगल्ली सांभाळली. आणि जे लोक गुरं घेऊन सतत भटकत असतात, ते हंडा-फडकं कुठे नेणार? त्यांच्यासाठी एक छोटी नळी बनवली. तिच्या आत बारीक जाळी, आणि ती दोरीने गळ्यात अडकवायची. तळं दिसलं की नळी तोंडाला लावायची आणि चोखून प्यायचं. मुलं ती माळेसारखी मिरवायची.

फडक्याची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ती नारूची नाही, कॉलऱ्याची आहे, आणि बांगलादेशातली आहे. कॉलऱ्याचे जिवाणू इतके लहान की ते कुठल्याही कापडातून सहज निसटतील. पण रीटा कॉलवेल या शास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं, की हे जिवाणू पाण्यात सायक्लॉप्सच्या भाऊबंदांच्या अंगाला चिकटून राहतात. म्हणजे त्या भाऊबंदांना गाळलं की बरेच जिवाणू आपोआप बाजूला! पण गाळायचं कशाने? गरिबातल्या गरीब घरातही सापडेल असं कापड हवं. तुम्हीच सांगा, कुठलं?

जुनेर! जुनी साडी. धुऊन धुऊन तिचे धागे पिंजारतात आणि मधली भोकं आणखी बारीक होतात, म्हणून ती नव्यापेक्षा बरी. चार पदरी घडी घालून घागरीच्या तोंडावर ठेवायची. २००३ साली या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले: साडीने गाळणाऱ्या गावांमध्ये कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला होता. (याचा अर्थ साडीने गाळलेलं पाणी पूर्ण सुरक्षित झालं असा नाही हं. घरी पाणी उकळून प्या म्हणतात ते बरोबरच आहे. पण जिथे उकळायला सरपणच नाही, तिथे निम्मा धोका टळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे.)

खरी चकित करणारी गोष्ट पुढे आहे. पाच वर्षांनी शास्त्रज्ञ परत त्या गावांत गेले. आता सांगायला, आठवण करायला कुणी येत नव्हतं. तरीही साधारण तीनातली एक बाई अजून पाणी गाळत होती. आणि जिच्या घरी गाळत नव्हते, पण शेजारपाजारी गाळत होते, तिच्या घरीही कॉलरा कमी होता! तिने काही न करता तिला शेजारणीच्या फडक्याचा फायदा मिळाला. शेजारणीच्या घरी रोगच नाही, मग तिच्या घरून हिच्या घरी येणार काय?

हे वाचल्यावर मला आमच्या सोसायटीतला रविवार आठवला. डेंग्यूच्या दिवसांत आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळायचा असतो, तुम्हाला माहीत आहेच. पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, सगळं रिकामं करायचं, आतून घासायचं, वाळवायचं. आठवड्यातून एकदाच का? डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आपण सातव्या दिवशी पाणी ओतलं की तो डास होतच नाही! घासायचं कशाला? त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातसुद्धा महिनोन्‌महिने तग धरतात.

आमच्याकडे पहिल्या रविवारी चार घरांनी हे केलं. बाकीचे म्हणाले, "आमच्याकडे कुठले आलेत डास?" तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, एक पाचवीत आणि एक सातवीत, एका काचेच्या बरणीत गच्चीवरच्या पिंपातलं पाणी घेऊन दारोदार गेल्या. त्यात अळ्या वळवळत होत्या, अगदी स्वल्पविरामासारख्या. "काका, हे आपल्या गच्चीवरचं पाणी आहे," एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी गच्चीवर अकरा घरांची माणसं होती. या मुलींनी बारवेवरच्या त्या ग्लासाची गोष्ट कधी ऐकली नव्हती. पण युक्ती तीच निघाली!

एडिस डास फार लांब उडत नाही. जन्मला तिथून बहुतेक शंभर-दोनशे मीटरच्या आतच तो राहतो. म्हणजे तुम्हाला चावणारा डास बहुधा तुमच्या घरात किंवा तुमच्या शेजाऱ्याच्या घरात वाढलेला असतो. म्हणून तुमच्या पिंपाएवढंच शेजारच्या आजोबांचं पिंपही तुमच्या कामाचं. ते जिने चढू शकत नसतील तर त्यांचं पिंप कोण घासणार, याचा विचार तुमच्या इमारतीत कुणी केलाय का, एकदा विचारून बघा.

आणि नारू? तो पृथ्वीवरून अजून पूर्ण गेलेला नाही. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत दर वर्षी जगभरात मिळून १५ किंवा त्याहून कमी माणसांना तो झाला. ३५ लाखांवरून १५! पण शेवटच्या टप्प्यात नारूने सगळ्यांना चकवलं. आफ्रिकेतल्या चाड देशात २०१२ च्या सुमाराला लक्षात आलं, की तो कुत्र्यांनाही होतोय. शास्त्रज्ञ इतकी वर्षं समजत होते की नारूला माणसाशिवाय दुसरं घर नाही. मग कुत्र्यांना तो कुठून मिळाला? संशय माशांवर गेला. मासे सायक्लॉप्स खातात, माणसं मासे साफ करून आतडी फेकतात आणि कुत्री ती खातात.

म्हणजे पुन्हा तेच कोडं, नव्याने. कुत्र्याला तर फडकं देता येत नाही. नदीकाठच्या गावांतल्या माणसांना सांगायचं, की माशाची आतडी टाकू नका, पुरा. कुत्र्याला नारू निघत असेल तर तो पूर्ण निघेपर्यंत त्याला बांधून ठेवा, पाण्यावर जाऊ देऊ नका. जन्मभर मोकळं फिरलेलं कुत्रं! ते रात्रभर रडणार. शेजारी विचारणार, "का रे बांधलंस त्याला?" आणि मालकाला दर वेळी सांगत बसावं लागणार, वर्षभरानंतर होणाऱ्या एका आजाराबद्दल.

तरीही लोक बांधतात. चाडमधल्या शारी नदीच्या काठी आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, कुणीतरी खड्डा खणून त्यात माशाची आतडी लोटत असेल आणि वरून पायाने माती दाबत असेल. थोड्या अंतरावर खुंट्याला बांधलेलं एक कुत्रं नाक वर करून वास घेत असेल, आणि घरातलं एखादं मूल त्याच्यासमोर पाण्याची वाटी ठेवत असेल.